घोरण्यामधली शांतता ऐका: स्लीप अ‍ॅप्निया, न जाणारा थकवा आणि हृदय

आपल्याकडे घोरण्याला गाढ झोपेचं प्रशस्तिपत्र मिळतं. ‘बघा, पडल्या पडल्या घोरायला लागला, सुखी माणूस!’ असं म्हणून आपण दिवा मालवतो. माझ्या नवऱ्याबद्दल मी वीसेक वर्षं हेच म्हणत आले. तो रात्री आठ-नऊ तास झोपायचा आणि सकाळी उठला की चेहरा असा, जणू रात्रभर हमाली करून आलाय. दोन वर्षं आम्ही त्या थकव्यावर टॉनिकं, बी-१२ ची इंजेक्शनं, च्यवनप्राश असं सगळं करून पाहिलं. त्याच काळात त्याचं बीपी एका गोळीवरून तीन गोळ्यांवर गेलं. या दोन्हींचं मूळ एकच असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. ते मूळ रोज रात्री माझ्यापासून हातभर अंतरावर होतं.

हा आजार ज्याला असतो त्याला तो कळत नाही, कारण त्या वेळी तो झोपलेला असतो. कळतो तो शेजारी जागं असलेल्या माणसाला. म्हणून हे मार्गदर्शन झोपणाऱ्यासाठी आहे तितकंच, किंबहुना थोडं जास्त, ऐकणाऱ्यासाठी आहे. मी डॉक्टर नाही. पण गेल्या काही वर्षांत डॉक्टरांकडून, स्लीप लॅबच्या तंत्रज्ञांकडून आणि घरात रोजच्या रोज जे शिकले, ते नव्याने या वाटेवर येणाऱ्याला क्रमाने सांगते.

पायरी १ : आधी नुसतं ऐका

स्लीप अ‍ॅप्निया म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबणं. झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते. काहींचा घसा मुळातच अरुंद असतो, काहींच्या मानेभोवती चरबी असते, काहींचा जबडा लहान आणि मागे असतो. अशांचा हवेचा रस्ता अर्धवट मिटला की घोरणं ऐकू येतं आणि पूर्ण मिटला की काहीच ऐकू येत नाही. हे ‘काहीच ऐकू न येणं’ दहा सेकंद किंवा त्याहून जास्त टिकलं तर डॉक्टर त्याला अ‍ॅप्निया म्हणून मोजतात.

एका रात्री मला झोप येईना म्हणून मी उठून बसले. खोलीत झिरोचा बल्ब होता. त्याचं घोरणं चढत चढत गेलं आणि एकदम तुटलं. पोट वरखाली होत होतं, गळ्याजवळचा खळगा आत ओढला जात होता, पण नाकापुढे हात धरला तर वारा नाही. मी मोबाइलवर सेकंद मोजायला लागले. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. चौतिसाव्या सेकंदाला घशातून खर्रकन आवाज आला, अख्खं अंग हिसडलं, दोन-तीन मोठे श्वास झाले आणि घोरणं पुन्हा सुरू. त्याने डोळेही उघडले नाहीत. सकाळी विचारलं तर म्हणाला, ‘मस्त झोप लागली होती.’

तुम्हीही दोन-तीन रात्री हेच करा. पहाटे तीन ते पाचच्या सुमारास ऐकलं तर उत्तम, कारण स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त असते आणि त्या झोपेत स्नायू सगळ्यात ढिले पडलेले असतात. पाच-दहा मिनिटांचा व्हिडिओ काढा, आवाजासकट, छाती आणि पोट दिसेल असा. वहीत चारच गोष्टी लिहा: शांतता किती सेकंदांची, माणूस उताणा होता की कुशीवर, त्या रात्री दारू किंवा झोपेची गोळी घेतली होती का, आणि लघवीला किती वेळा उठला. डॉक्टरांपुढे हे कागदावर असलं की ‘घोरतो हो जरा’ या वाक्यापेक्षा दहापट उपयोग होतो.

एकटे राहत असाल तर फोनचा रेकॉर्डर उशाशी लावून झोपा. लग्नाच्या हॉलवर शेजारी गादी टाकलेला मावसभाऊ किंवा हॉस्टेलचा रूममेट काही बोलला असेल, तर तेही आठवून बघा. खूप जणांना पहिली सूचना अशीच मिळते आणि ती थट्टेत विरते. स्वतःला कळण्यासारख्या खुणाही आहेत: सकाळी तोंड कोरडं पडणं, उठल्यावर तासभर डोकं जड राहणं, रात्री गुदमरून जाग येणं.

पायरी २ : थकवा आहे की पेंग, हे वेगळं करा

मराठीत आपण सगळ्यालाच ‘थकवा’ म्हणतो. डॉक्टरांना मात्र यात दोन गोष्टी दिसतात. एक, अंगात ताकद नसणं: जिना चढवत नाही, काम उरकत नाही, पण आडवं झालं तरी डोळा लागत नाही. दुसरी, पेंग: बसल्या जागी मान कलंडते, बातम्या बघता बघता, कीर्तनात, मीटिंगमध्ये, सिग्नलला गाडी उभी असताना. स्लीप अ‍ॅप्नियाची ठळक खूण ही दुसरी. पण पुष्कळ रुग्णांत, विशेषतः बायकांमध्ये, पेंग फारशी नसते. नुसता न संपणारा शीण, चिडचिड आणि विसरभोळेपणा असतो.

पेंग मोजायला एक सोपी प्रश्नावली आहे, एपवर्थ स्केल. मेलबर्नचे डॉ. मरे जॉन्स यांनी ती १९९१ मध्ये मांडली. वाचताना, टीव्ही बघताना, सार्वजनिक ठिकाणी नुसतं बसल्यावर, तासभर गाडीत प्रवासी म्हणून बसल्यावर, दुपारी आडवं झाल्यावर, कुणाशी बोलत असताना, जेवणानंतर शांत बसल्यावर आणि वाहतुकीत गाडी दोन-चार मिनिटं थांबल्यावर डुलकी लागण्याची शक्यता किती, असे आठ प्रसंग. प्रत्येकाला ० ते ३ गुण. बेरीज १० च्या वर गेली तर पेंग जास्त आहे असं धरतात. भरताना शेजारी घरातलं माणूस बसू द्या. माझ्या नवऱ्याने स्वतः भरली तेव्हा ७ आले. मी शेजारी बसून भरली तेव्हा १५. त्याला खोटं बोलायचं नव्हतं. इतकी वर्षं तसंच जगल्यावर तेच त्याला नेहमीचं वाटत होतं.

थकव्याची बाकीची कारणंही याच वेळी तपासून घ्या: हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२. आणि मनाची उदासी, हो, तीही. एक कारण सापडलं म्हणून शोध थांबवू नका. आमचं नेमकं इथे चुकलं. बी-१२ खरंच कमी होतं. इंजेक्शनं घेतली, आकडा सुधारला, थकवा जिथल्या तिथे. ‘वय झालं आता’ म्हणून आम्ही सोडून दिलं. तेव्हा तो सत्तेचाळीस वर्षांचा होता. रिपोर्ट सुधारला आणि माणूस सुधारला नाही, तर प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारायचा असतो.

पायरी ३ : टेप आणि बीपीचं यंत्र काढा

कपडे शिवायची टेप घ्या आणि मानेचा घेर मोजा, कंठमण्याच्या पातळीवर. ४० सेंटिमीटरच्या वर असेल तर नोंद करा. वजन, उंची आणि बीपी लिहा. टोरोंटोच्या भूलतज्ज्ञांनी २००८ मध्ये एक आठ प्रश्नांची यादी बनवली, तिला स्टॉप-बँग म्हणतात. मोठ्याने घोरणं, दिवसा थकवा, श्वास थांबल्याचं कुणी पाहिलेलं असणं, बीपी, लठ्ठपणा, वय पन्नासच्या वर, जाड मान आणि पुरुष असणं. प्रत्येक ‘हो’ला एक गुण. तीन-चार गुण झाले तर मध्यम जोखीम, पाच किंवा जास्त झाले तर मोठी.

दोन गोष्टी या यादीत नीट बसत नाहीत. पहिली म्हणजे, आपल्याकडची माणसं पाश्चात्त्यांच्या मानाने बारीक असूनही या आजारात सापडतात, कारण आपली जबड्याची ठेवण आणि पोटावर चरबी साठण्याची तऱ्हा वेगळी. ‘मी कुठे एवढा जाड आहे?’ हा बचाव चालत नाही. दुसरी गोष्ट बायकांची. मासिक पाळी थांबल्यावर त्यांची जोखीम बरीच वाढते, घोरणं मात्र हळू असतं. झोप तुटते, सकाळी डोकं दुखतं, दिवसभर अंग मोडून आल्यासारखं होतं आणि हे सगळं ‘त्या वयात होतंच’ म्हणून खपवलं जातं. त्यांच्या शेजारी जागं राहून ऐकणारंही बहुतेक घरांत कुणी नसतं. हे मला फार लागतं. आईच्या, सासूच्या, मावशीच्या खोलीत एक रात्र काढा आणि ऐका.

हा आजार किती पसरलेला आहे? मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेहमीच्या आरोग्यतपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी केली होती. ती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्या हिशेबाने ७.५ टक्के पुरुषांना लक्षणांसकट हा आजार होता, म्हणजे साधारण तेरात एक. सोसायटीच्या मीटिंगला जमलेल्या पुरुषांकडे बघून हा हिशेब करून पाहा.

पायरी ४ : हृदयाचा काय संबंध, हे समजून घ्या

ही पायरी नीट समजली तर पुढची खटपट करायचं बळ येतं. आमचं तसंच झालं.

घसा मिटलेला असतो, पण छाती हवा ओढायचा जोर लावतच राहते. त्यामुळे छातीच्या पोकळीत मोठी ओढ तयार होते. ती ओढ हृदयाच्या भिंतींवरही पडते. वरचे पातळ कप्पे ताणले जातात आणि डाव्या खालच्या कप्प्याला रक्त बाहेर ढकलायला जास्त जोर लावावा लागतो. तेवढ्यात रक्तातला ऑक्सिजन उतरायला लागतो. मेंदू धोक्याची घंटा वाजवतो, अ‍ॅड्रिनॅलिनसारखी द्रव्यं उसळतात, रक्तवाहिन्या आवळतात आणि माणूस दोन-चार सेकंदांपुरता ‘जागा’ होतो. हे जागं होणं इतकं थोडकं असतं की सकाळी आठवत नाही. श्वास सुटतो आणि त्याच क्षणी बीपी उसळी मारतं. घसा पुन्हा मिटतो आणि सगळं परत पहिल्यापासून.

आता यात थकवा कुठून आला ते दिसेल. आठ तास अंथरुणात काढले तरी झोप अशी दोन-दोन मिनिटांच्या तुकड्यांत फाटलेली असते. गाढ झोपेपर्यंत माणूस पोचतच नाही.

निरोगी माणसाचं बीपी रात्री दिवसापेक्षा १० ते २० टक्के खाली येतं. दिवसभर राबलेल्या हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना तेवढीच विश्रांती. स्लीप अ‍ॅप्नियात अनेकांचं बीपी रात्री उतरतच नाही. म्हणून डॉक्टरांकडे दुपारी मोजलेला आकडा बरा दिसू शकतो आणि खरी गोष्ट रात्री घडत असते. बीपीच्या तीन गोळ्या, त्यातली एक लघवीवाटे पाणी काढणारी, चालू असूनही आकडा खाली येत नसेल तर स्लीप अ‍ॅप्निया शोधायलाच हवा. डॉक्टरांना चोवीस तासांच्या बीपी नोंदीबद्दलही विचारा.

रात्री लघवीला उठण्याचा धागाही इथेच आहे. हृदयाचे वरचे कप्पे ताणले की ते एक संप्रेरक सोडतात आणि ते मूत्रपिंडांना मीठ-पाणी बाहेर टाकायला सांगतं. आम्ही मात्र प्रोस्टेटची सोनोग्राफी करून आलो होतो.

ताणल्या गेलेल्या त्याच कप्प्यांमधून एट्रियल फिब्रिलेशन नावाची अनियमित धडधड सुरू होऊ शकते. उपचाराने ठोके सुरळीत केले तरी अ‍ॅप्निया तसाच राहिला तर ती परत येण्याची शक्यता जास्त असते. हृदयाचं पंपिंग कमी होणं, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे आजार, पक्षाघात, या सगळ्यांशी या आजाराचा संबंध सापडलेला आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२१ च्या निवेदनात म्हटलं आहे की बीपी, हृदयविकार किंवा पक्षाघात असलेल्यांपैकी ४० ते ८० टक्के जणांना हा आजार आढळतो आणि तरीही तो फार कमी ओळखला जातो. मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २००५ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. हृदय अचानक बंद पडून दगावलेल्या लोकांपैकी ज्यांना हा आजार होता, त्यांच्यातल्या ४६ टक्क्यांचा मृत्यू मध्यरात्र ते सकाळी सहा या वेळेत झाला होता. आजार नसलेल्यांत हे प्रमाण २१ टक्के होतं. तो आकडा वाचल्यावर मी काही रात्री झोपले नाही. तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. उद्यावर ढकलू नका, एवढ्यासाठी सांगते.

पायरी ५ : कुणाकडे जायचं

आधी फॅमिली डॉक्टरांकडे, वही आणि व्हिडिओ घेऊन. पुढे छातीरोगतज्ज्ञ किंवा झोपेच्या आजारांचं काम करणारे कान-नाक-घसा तज्ज्ञ. हृदयरोगतज्ज्ञांकडे आधीपासून जात असाल तर त्यांना ‘स्लीप स्टडी, म्हणजे झोपेची तपासणी, करायची का?’ असं सरळ विचारा. ‘थकवा येतो’ एवढंच सांगून थांबलात तर पुन्हा टॉनिकच मिळेल. ‘झोपेत श्वास थांबतो, तीस सेकंद, मी मोजलाय’ असं सांगा.

आणि पुढचं काही झालं तर थांबायचं नाही: छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, एकाएकी दम लागणं, बोबडी वळणं, शुद्ध हरपणं. तेव्हा स्लीप स्टडी वगैरे बाजूला, १०८ ला फोन करायचा.

पायरी ६ : स्लीप स्टडी आणि तिचा रिपोर्ट

तपासणी दोन तऱ्हांची. घरी करायची असेल तर नाकाशी एक नळी, छातीला पट्टा आणि बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावून तुमच्याच गादीवर झोपायचं. लॅबमध्ये डोक्याला, डोळ्यांजवळ, हनुवटीला आणि पायांनाही तारा लावतात, त्यामुळे झोप किती आणि कोणत्या प्रकारची लागली हेही कळतं. ठळक लक्षणं असलेल्या, इतर मोठा आजार नसलेल्या माणसाला घरची पुरते. हृदय कमकुवत असेल, पक्षाघात होऊन गेला असेल, फुप्फुसांचा आजार असेल तर लॅबचीच करावी. घरच्या तपासणीत काही निघालं नाही आणि तुम्ही मात्र कानांनी ऐकलंय, तर लॅबमध्ये परत करून घ्या. घरच्या यंत्राकडून आजार कमी मोजला जाऊ शकतो.

‘इतक्या तारा लावून झोप कशी लागणार?’ हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. लागते. तंत्रज्ञांना पुरेल इतकी लागते. डोक्याला तेल लावून जाऊ नका, तारा चिकटत नाहीत. त्या दिवशी दुपारची झोप आणि संध्याकाळचा चहा टाळा. रोजच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तशाच घ्या.

रिपोर्ट पाच-सहा पानांचा असतो, त्यात दोन आकडे आधी शोधा. पहिला एएचआय: तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा बराच कमी झाला. पाचच्या आत ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. दुसरा, ऑक्सिजन खाली किती गेला आणि ९० टक्क्यांच्या खाली किती वेळ होता. माझ्या नवऱ्याचा एएचआय ४२ आला, ऑक्सिजन ७४ पर्यंत उतरलेला. सहा तासांच्या झोपेत अडीचशेहून जास्त वेळा. डॉक्टर समजावत होते आणि तो कागदाकडे बघत बसला होता. मग हळूच म्हणाला, ‘म्हणजे मी आळशी नव्हतो.’ इतकी वर्षं घरच्यांनी, ऑफिसातल्यांनी आणि मीही त्याला जे ऐकवलं होतं, ते सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं.

रिपोर्टमध्ये आणखी एक शब्द बघा: ऑब्स्ट्रक्टिव्ह की सेंट्रल. ऑब्स्ट्रक्टिव्ह म्हणजे घसा मिटतो, हा नेहमीचा प्रकार. सेंट्रल म्हणजे घसा उघडा आहे, पण श्वास घ्यायचा मेंदूचा हुकूमच येत नाही. हृदयाचं पंपिंग कमी झालेल्यांत हा प्रकार दिसतो. श्वास हळूहळू मोठा होत जातो, मग लहान होत थांबतो, पुन्हा मोठा होतो. एकोणिसाव्या शतकात डब्लिनमधल्या चेन आणि स्टोक्स या दोन डॉक्टरांनी ते वर्णन केलं म्हणून त्याला त्यांचंच नाव आहे. याचे उपचार वेगळे असतात. हृदय कमकुवत असलेल्या अशा रुग्णांवर एएसव्ही नावाचं, दाबाच्या हवेने श्वासाला आधार देणारं यंत्र वापरून पाहिलं तेव्हा हृदयविकाराने होणारे मृत्यू वाढल्याचं २०१५ मध्ये दिसून आलं. म्हणून ओळखीच्याचं यंत्र आणून लावून बघणं, हे अजिबात करायचं नाही.

पायरी ७ : सीपॅपशी जुळवून घेणं

मध्यम आणि तीव्र आजारात मुख्य उपचार म्हणजे सीपॅप. हे ऑक्सिजन देणारं यंत्र नव्हे. ते खोलीतलीच हवा थोड्या दाबाने नाकातून सोडतं आणि त्या दाबाने घसा आतून उघडा राहतो. सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये हा उपाय जगापुढे आणला.

पहिल्या आठवड्यात बहुतेक जण हरतात, म्हणून इथे थोडं सविस्तर लिहिते.

मास्क आधी निवडा, यंत्र नंतर. नाकावर बसणारा, नाकपुड्यांशी उशीसारखा टेकणारा आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा असे प्रकार मिळतात. दुकानात उभ्याने लावून घेऊ नका. आडवे व्हा, कूस बदला, यंत्र चालू करून पंधरा मिनिटं पडून राहा. दाढी-मिशी भरघोस असेल तर कडेने हवा सुटते. नाक सारखं चोंदत असेल तर त्याचा इलाज आधी करून घ्या.

पहिले तीन-चार दिवस दिवसाच, टीव्ही बघताना अर्धा तास मास्क लावून बसा. मेंदूला त्याची ओळख होऊ द्या. रात्री यंत्रातला ‘रॅम्प’ चालू ठेवा, त्याने दाब हळूहळू चढतो. पट्टे करकचून आवळू नका. घट्ट केल्याने गळती थांबत नाही, उलट नाकाच्या दांडीवर जखम होते. तोंड कोरडं पडत असेल तर हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर लावा. त्यात डिस्टिल्ड पाणी घाला, नळाच्या पाण्याने क्षारांचा थर बसतो. यंत्र गादीपेक्षा खाली ठेवा, म्हणजे नळीत साठलेलं पाणी नाकाकडे येत नाही. मास्कची गादी रोज सकाळी साध्या साबणाने धुऊन सावलीत वाळवा.

आमची पहिली रात्र दीड तासाची झाली. मास्क त्याने झोपेतच काढून फेकला. दुसऱ्या रात्री दोन तास. तिसऱ्या रात्री तो वैतागून म्हणाला, ‘हे सोंडेचं लफडं नको मला.’ मी फोन करून तंत्रज्ञांना विचारलं, त्यांनी मास्कचा आकार एक नंबर लहान दिला. सहाव्या रात्री तो पाच तास झोपला. त्या सकाळी मी उठले तर तो आधीच उठून चहा टाकत होता. लग्नाला तेवीस वर्षं झाली होती, असं पहिल्यांदा घडत होतं.

विकत घ्यायच्या आधी महिनाभर भाड्याने मिळतं का बघा, शहरांत मिळतं. जुनं यंत्र घेणार असाल तर फार जपून. २०२१ मध्ये एका मोठ्या कंपनीला आतला आवाज कमी करणारा फोम झिजून त्याचे कण हवेत जाऊ शकतात म्हणून लाखो यंत्रं जगभरातून परत मागवावी लागली होती. मॉडेल नंबर तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. वीज जात असेल तर इन्व्हर्टरचा एक पॉइंट पलंगाजवळ काढून घ्या.

सीपॅपने हृदय वाचतं का? इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पेंग आणि थकवा कमी होतो, हे पक्कं आहे. बीपी थोडं उतरतं, ज्यांचं गोळ्यांना दाद देत नाही त्यांचं जरा जास्त. पण हृदयविकाराचे झटके कमी होतात का, हे पाहायला २,७१७ रुग्णांवर ‘सेव्ह’ नावाचा मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले आणि त्यात तसा फरक दिसला नाही. त्यातले लोक यंत्र सरासरी ३.३ तासच लावत होते आणि खूप पेंग येणाऱ्यांना मुळात त्यात घेतलंच नव्हतं, हेही लक्षात घ्या. मी यातून दोन गोष्टी घेतल्या. एक, यंत्र लावायचं तर अख्खी रात्र, निम्मी रात्र नव्हे. दोन, यंत्र आलं म्हणून बीपीची, कोलेस्टेरॉलची, हृदयाची एकही गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. माझ्या नवऱ्याची तीनातली एक गोळी आठ महिन्यांनी कमी झाली, आणि ती डॉक्टरांनी केली.

सौम्य आजारात, किंवा सीपॅप अजिबातच सोसत नसेल तर, दंतवैद्याकडून खालचा जबडा पुढे धरणारी पट्टी बनवून मिळते. शस्त्रक्रिया काही निवडक जणांना उपयोगी पडते. लहान मुलं घोरत असतील आणि तोंड उघडं टाकून झोपत असतील तर टॉन्सिल आणि नाकामागची गाठ, म्हणजे अ‍ॅडिनॉइड दाखवून घ्या. मुलांमध्ये बहुतेकदा कारण तेच असतं.

पायरी ८ : रोजच्या सवयी

वजन. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये वर्षानुवर्षं चाललेल्या पाहणीत असं दिसलं की वजन दहा टक्क्यांनी उतरलं की एएचआय साधारण २६ टक्क्यांनी उतरतो. ऐंशी किलोच्या माणसाने आठ किलो कमी करणं, इतकी ती गोष्ट. टिर्झेपटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठपणासह असलेल्या मध्यम-तीव्र स्लीप अ‍ॅप्नियासाठी मान्यता मिळाली आहे. ते घ्यायचं की नाही हे डॉक्टरच ठरवतील.

उताणं झोपल्यावर जीभ मागे पडते, कुशीवर झोपल्यावर कमी. जुन्या बनियनला पाठीवर खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू घाला, उताणं होताच टोचतो. हा घरगुती उपाय डॉक्टरही सांगतात. सौम्य आजारात त्याने खरंच फरक पडतो, तीव्र आजारात तेवढ्यावर भागत नाही.

दारूने घशाचे स्नायू आणखी सैल होतात, झोपेच्या काही गोळ्यांनीही. ‘नीट झोप लागत नाही’ म्हणून मेडिकलमधून गोळी आणून घेणं या आजारात धोक्याचं आहे.

गाडी. हे मी आग्रहाने सांगते. उपचार सुरू होऊन पेंग जाईपर्यंत लांबचं गाडी चालवणं बंद. पुण्याहून मुंबईला येताना घाट उतरल्यावर सरळ रस्त्यावर त्याचे डोळे मिटलेले मी एकदा पाहिलेत. खिडकी उघडणं, गाणी मोठ्याने लावणं, तंबाखूची चिमूट, कशानेही ती झोप थांबत नाही.

आणि कुठलीही शस्त्रक्रिया असो, मोतीबिंदूची का असेना, भूल देणाऱ्या डॉक्टरांना ‘मला स्लीप अ‍ॅप्निया आहे’ हे आधी सांगा. रात्र दवाखान्यात काढायची असेल तर यंत्र पिशवीत घालून सोबत न्या.

पुढे काय बघत राहायचं

यंत्राच्या पडद्यावर किंवा मोबाइल अ‍ॅपमध्ये तीन आकडे येतात: किती तास वापरलं, गळती किती, उरलेला एएचआय किती. हा शेवटचा पाचच्या आत हवा. पहिल्या महिन्यानंतर आणि मग दर सहा महिन्यांनी ते आकडे डॉक्टरांना दाखवा. वजन पाच-सात किलोंनी वर किंवा खाली गेलं, नवा मास्क घेतला, घोरणं परत ऐकू यायला लागलं, की दाब पुन्हा ठरवून घ्यावा लागतो. यंत्र नीट वापरूनही दोन-तीन महिन्यांत पेंग गेली नाही तर दुसऱ्या पायरीवर परत या आणि थकव्याची बाकीची कारणं पुन्हा शोधा.

मी अजूनही कधी कधी पहाटे उठून ऐकते. यंत्राचा बारीक सूं-सूं आवाज असतो, आणि त्याखाली एकामागून एक येणारे श्वास. मोजायला घेतले तर मोजता मोजता मलाच झोप लागते.